वहीतला वेताळ आधी, अंकातला नंतर

प्रश्न कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतल्या एका वाचकाचा आहे. वडील गेल्यावर माळ्यावरच्या ट्रंकेत त्यांना इंद्रजाल कॉमिक्स या जुन्या चित्रकथा-मालिकेचे साठ-सत्तर मराठी अंक आणि तीन जाड वह्या सापडल्या. वह्यांमध्ये एका इंग्रजी दैनिकातल्या फँटमच्या, म्हणजे आपल्या वेताळाच्या, रोजच्या पट्ट्या, म्हणजे चित्रकथेचे रोज छापले जाणारे तुकडे, कापून चिकटवल्या आहेत. कागद पिवळा पडलाय, कडा झडतायत. गोष्टी मधेच तुटतात आणि अंकांतल्या गोष्टींशी नीट जुळतही नाहीत. अंक विकत घ्यायला दोघं-तिघं तयार आहेत, पण वह्या रद्दी आहेत असं त्यांचं म्हणणं. ते विचारतात, काय ठेवू, कसं जपू आणि हे वाचायचं तरी कसं?

वह्या रद्दीत देऊ नका. त्या अंकांपेक्षा मोलाच्या आहेत, हे मी बाइंडर म्हणून सांगतोय आणि अर्धं आयुष्य याच पट्ट्या जमवण्यात घालवलेला माणूस म्हणूनही. अंक हजारोंनी छापले गेले. तुमच्याकडे नसलेला अंक दुसऱ्या कुणाच्या तरी कपाटात सापडतो. पण एका माणसानं रोज कात्री घेऊन क्रमानं लावलेली वही जगात एकच असते. त्याहून मोठं कारण म्हणजे वेताळ जन्मला तोच वर्तमानपत्रात. १७ फेब्रुवारी १९३६ रोजी, सोमवारी, वर्तमानपत्रांना पट्ट्या पुरवणाऱ्या अमेरिकेतल्या किंग फीचर्स सिंडिकेटनं त्याची पहिली दैनिक पट्टी दिली. लेखक ली फॉक. त्यानं दोन वर्षांपूर्वी, जून १९३४ मध्ये, मँड्रेक या जादूगाराची पट्टी सुरू केली होती. तुमच्या वडिलांनी जे कापून ठेवलं ते मूळ रूपाच्या सगळ्यात जवळचं आहे. इंद्रजालचा अंक हे त्याचं नंतर केलेलं संपादन.

गोष्टी जुळत नाहीत त्याचं कारण इथंच आहे. हे एकदा समजलं की वहीकडे बघायची नजरच बदलते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दैनिक पट्टी आडवी असते. सोमवार ते शनिवार, रोज तीन चौकटी, कधी दोन, कधी चार. फॉकला पक्कं ठाऊक होतं की वाचकाला काल काय झालं ते अर्धवट आठवतंय आणि उद्या त्यानं परत यायला हवंय. म्हणून पहिल्या चौकटीत थोडी मागची आठवण, मधल्या चौकटीत गोष्ट एक पाऊल पुढे आणि शेवटच्या चौकटीत काहीतरी अडकवून ठेवलेलं. शनिवारची अडचण जास्त मोठी, कारण मधे रविवार. आणि सोमवारी पुन्हा सगळं थोडक्यात. आता हीच गोष्ट अंकात घालायची, तर आडव्या चौकटी उभ्या पानावर मांडाव्या लागतात. मागची आठवण देणारी चौकट सलग वाचताना नको वाटते, म्हणून ती उडवली जाते. उरलेल्या चौकटींना पानाच्या मापात बसवायचं म्हणून कुठं बाजूनं छाटलं जातं, तर कुठं रिकामी जागा रेघा वाढवून भरली जाते.

हिशेबच करून बघा. रोज तीन चौकटी धरल्या तर आठवड्याला अठरा. चार महिने चाललेली गोष्ट म्हणजे सतरा आठवडे, तीनशेच्या वर चौकटी. बत्तीस पानी अंकात जाहिराती आणि इतर मजकूर वगळून अठ्ठावीस पानं मिळाली आणि पानाला सहा चौकटी बसवल्या, तरी १६८ होतात. उरलेल्या कुठंतरी गेल्याच ना? सुरुवातीच्या इंद्रजाल अंकांत तर वेताळाला याहून कमी पानं मिळायची, बाकी पानांवर सामान्यज्ञानाचा मजकूर असायचा. म्हणजे अंकात गोष्ट असते, पण रोजचा ताल नसतो. तुमच्या वहीत तो ताल शाबूत आहे.

दुसरी गोम रविवारची. २८ मे १९३९ पासून वेताळाची रविवारची रंगीत पट्टी सुरू झाली आणि तिची गोष्ट दैनिक पट्टीहून अगदी वेगळी चालते. रोजच्या पट्टीत वेताळ समुद्रात असेल तर रविवारच्या पट्टीत तो त्याच वेळी वाळवंटात असू शकतो. वडिलांनी दोन्ही एकाच वहीत लावल्या असतील तर गोष्ट दर सातव्या पट्टीला फुटल्यासारखी वाटणार. आधी रविवारच्या ओळखा. त्या मापानं मोठ्या असतात, चौकटी जास्त असतात, कधी वर नावाची वेगळी चौकट असते. काळ्या-पांढऱ्यात छापल्या असल्या तरी मापावरून कळतात. त्यांचा क्रम कागदावर वेगळा लिहून काढा आणि वहीला हात लावू नका. बहुतेक वेळा एवढ्यानंच अर्धी तुटलेली गोष्ट सांधते.

अंक आणि वही ताडून बघताना नावांतल्या बदलांनी गोंधळू नका. भारतातल्या आवृत्तीत वेताळाचा देश डेंकाली झाला आणि त्याचे जन्माचे वैरी असलेले सिंग चाचे सिंगा झाले. गोष्ट तीच असते. पात्रांपेक्षा जागा आणि प्रसंग जुळवा. वेताळ राहतो ती कवटीची गुहा, त्याचा मित्र गुरन आणि गुरनची बांदार जमात, वेताळाची प्रेयसी डायना पामर कुठल्या शहरात आहे, यावरून गोष्ट पटकन हाती लागते.

आता तारखा. संग्रह करणाऱ्याचं खरं काम इथं असतं. तारीख नसलेलं कात्रण वाचता येतं, पण ते कुठं लावायचं हे कळत नाही, आणि गोष्टीतलं अंतर किती दिवसांचं हेही समजत नाही. एका कात्रणाला तीन तारखा असू शकतात. त्यांची सरमिसळ होऊ देऊ नका. पहिली तारीख पट्टीत छापलेली. कुठल्यातरी चौकटीच्या कोपऱ्यात बारीक आकडे असतात, आधी महिना, मग दिवस. ७-४ म्हणजे ४ जुलै, ७ एप्रिल नव्हे. हक्कांची (कॉपीराइटची) बारीक ओळ उभी किंवा आडवी सापडते, तिच्यात पुष्कळदा साल असतं. भिंग घेऊन बघा, नुसत्या डोळ्यांना ती रेघेसारखी दिसते. दुसरी तारीख आपल्याकडे पेपरात पट्टी छापली गेली तो दिवस. तो पहिल्या तारखेच्या पुढे कितीही असू शकतो, कारण आपल्याकडच्या पेपरांनी पट्ट्या नेहमी अमेरिकेच्या बरोबरीनं छापल्या असं नाही. तिसरी तारीख वडिलांनी हातानं लिहिलेली. मुंबईचा पेपर कोल्हापुरात उशिरा पोचायचा त्या काळात ती पेपर हातात पडल्याची तारीखही असू शकते. तिन्ही वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. क्रम लावताना पट्टीवरच्या छापील तारखेवर भरवसा ठेवा.

छापील साल नसेल तर वार कामाला येतो. रविवारची पट्टी असेल आणि तिच्यावर महिना-दिवस असेल, तर ती तारीख रविवारी कुठल्या सालांत येते ते दिनदर्शिका बघून काढता येतं. तोच वार पाच, सहा किंवा अकरा वर्षांनी परत येतो. म्हणजे मोजकी सालं उरतात आणि चित्रकाराच्या हातावरून ती आणखी कमी करता येतात.

कात्रणाची मागची बाजू मात्र सोन्यासारखी जपा. तिथं अर्धवट जाहिरात, क्रिकेटचा धावफलक, धान्याचे भाव, काहीही असू शकतं. भाव रुपये-आण्यांत असतील तर बहुधा १९५७ च्या आधीचं, कारण दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली. ‘नवे पैसे’ असं छापलं असेल तर १९५७ ते १९६४ च्या मधलं. जून १९६४ पासून नुसतं ‘पैसे’ झालं. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. मुंबईच्या दूरदर्शनचे कार्यक्रम दिसले तर ऑक्टोबर १९७२ नंतरचं. वानखेडेवरच्या कसोटीचा धावफलक दिसला तर जानेवारी १९७५ किंवा त्यानंतरचं, कारण तिथली पहिली कसोटी तेव्हा झाली. चिकटवलेल्या कात्रणाची मागची बाजू दिसत नाही म्हणून ते उखडू नका. अंधाऱ्या खोलीत वहीचं पान उभं धरून मागून मोबाइलचा दिवा लावा. पान पातळ असेल तर मागचा छाप उलटा का होईना, पण दिसतो. त्याचा फोटो काढून संगणकावर आरशासारखा उलटवला की वाचता येतो.

चित्रकाराचा हात ओळखणं हा माझा सगळ्यात आवडता भाग, आणि कोल्हापुरात तो जमायलाच हवा. बाबूराव पेंटर आणि आबालाल रहिमान यांच्या गावात चित्र बघायची सवय लहानपणापासून लागते. आम्ही काही जण या पट्ट्या वाचायला जमतो, त्या बैठकीला एक जुने बोर्ड पेंटर येतात. गोष्टीत त्यांना फारसा रस नाही, पण कुंचल्याची रेघ कुठं दाबली आणि कुठं उचलली हे ते पट्टीकडे एकदा बघून सांगतात.

पहिला चित्रकार रे मूर. त्याच्या वेताळाभोवती अंधार असतो. पिसासारख्या बारीक रेघांनी सावल्या भरलेल्या, माणसं सडपातळ, बायका देखण्या आणि रात्रीचे प्रसंग खरोखर रात्रीचे वाटतात. युद्धकाळात काम विल्सन मॅकॉयकडे आलं आणि १९६१ मध्ये तो वारला तोवर ते त्यानं केलं. मॅकॉयची रेघ सरळ, गोलसर, ठसठशीत. सावली कमी, मोकळी जागा जास्त. अनेकांना तो बाळबोध वाटतो. मला वाटत नाही. छोट्या मापात, वाईट कागदावर, शाई पसरली तरी मॅकॉयची चौकट वाचता येते. रे मूरची पुष्कळदा काळा डाग होऊन बसते. वर्तमानपत्रासाठी चित्र काढणं म्हणजे काय हे मॅकॉयला कळलं होतं असं माझं मत आहे आणि बैठकीत त्यावरून दर वेळी वाद होतो.

मॅकॉयनंतर थोडा काळ बिल लिग्नांटेनं काम केलं आणि मग साय बॅरी आला. बॅरी १९९४ पर्यंत होता. आपण मराठी वाचक ज्याला वेताळ म्हणून ओळखतो तो बहुतेक बॅरीचाच. पिळदार शरीर, स्वच्छ चेहरे, गाड्या-इमारती नेमक्या, काळ्या रंगाचे ठोस पट्टे. त्याच्या हाताखाली साहाय्यक होते. जॉर्ज ओलेसेन कित्येक वर्षं पेन्सिलीचं काम करायचा. त्यामुळे बॅरीची सही दिसली की प्रत्येक रेघ त्याचीच, असं धरू नका. एकाच आठवड्यात चेहरे बॅरीचे आणि मागचं जंगल दुसऱ्याचं असं दिसलं तर नवल नाही. मँड्रेकची कात्रणं वहीत असतील तर तिथली खूण सोपी. १९६४ मध्ये वारेपर्यंत फिल डेव्हिस, मग फ्रेड फ्रेडरिक्स.

आता कागदाकडे वळू. वर्तमानपत्राचा कागद लाकूड दळून करतात, त्यातलं लिग्निन हे लाकडातलं द्रव्य काढलेलं नसतं. उजेड आणि हवा लागली की ते पिवळं पडतं, आम्ल तयार होतं आणि कागद ठिसूळ होतो. हे थांबवता येत नाही, फक्त लांबवता येतं. उजेड, उष्णता आणि ओल ही तीन कारणं आवरायची.

म्हणून आधी ट्रंक माळ्यावरून खाली काढा. कौलाखाली किंवा पत्र्याखाली उन्हाळ्यात माळा तापतो आणि पावसात कुठूनतरी थेंब येतोच. पण तळमजल्यावरही ठेवू नका. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेनं काय केलं ते आपण बघितलंय. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोक्याची. दोन्ही वर्षी पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. तुमची गल्ली उंचावर असली तरी नळाचं आणि गटाराचं पाणी आहेच. मधल्या मजल्यावरचं, बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं लाकडी किंवा लोखंडी कपाट उत्तम. जमिनीपासून वीतभर वर आणि मागे हवा खेळायला चार बोटं जागा. मे महिन्यात एकदा सगळं उघडून बघा, पावसात महिन्यातून एकदा, आणि दसऱ्यानंतर कोरड्या दिवशी सावलीत वारा द्या. ऊन देऊ नका. आपल्याकडे सगळं उन्हात टाकायची सवय आहे, पण वर्तमानपत्राच्या कागदाला ऊन म्हणजे विष.

झडणाऱ्या कडांना सेलोटेप लावू नका. दहा-पंधरा वर्षांत ती तपकिरी होते, डिंक कागदात उतरतो आणि मग काढताही येत नाही. लॅमिनेशन तर अजिबात नको. ते उष्णतेनं होतं आणि नंतर कागद परत मिळत नाही. स्टेशनरीच्या दुकानातले मऊ, वास येणारे प्लॅस्टिक फोल्डर पीव्हीसीचे असतात, त्यांना कालांतरानं शाई चिकटते. पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं मिळाली तर घ्या. नाही मिळाली तर पानांच्या मधे आम्लरहित पातळ कागद घाला, तेवढ्यानंही खूप फरक पडतो.

फाटलेलं जोडायचं तर जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ वापरा. आमच्या धंद्यातली नेहमीची खळ मैद्याची. तिला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. हिशेबाच्या वह्यांना ती चालते, पण जुन्या वर्तमानपत्राच्या कागदावर लावू नका, मोरचूद कागदाला खातं. वही बाइंडरकडे दिलीत तर त्याला बजावून सांगा: कडा मशिनवर कापायच्या नाहीत, शिलाई फक्त मूळ भोकांतून आणि पाठीला सरस थापायचा नाही. मला स्वतःला विचाराल तर वही उसवूच नये. जाड पुठ्ठ्याची पेटी करून घ्या, आत वही सैल बसेल अशी. वहीचं रूप हाही त्या संग्रहाचा भाग आहे. त्यांनी कुठं जागा सोडली, कुठं शेजारी शाईनं काही लिहिलं, ते सगळं राहू द्या.

इंद्रजालच्या अंकांचा त्रास वेगळा. त्यांच्या पिना गंजतात. गंज कागदात उतरला की पान पिनेपाशी सुटतं. गंजलेली पिन पक्कडीनं ओढू नका. टोकं मागून अलगद सरळ करा, पिन वर उचलून काढा आणि त्याच भोकांतून पांढऱ्या सुती दोऱ्यानं शिवा. वाळवी आणि कसर लागली असेल तर ते अंक आधी वेगळे काढा. डांबरगोळ्या प्लॅस्टिकच्या पाकिटांबरोबर ठेवू नका.

आणि कधी भिजलंच, तर घाईनं पानं सोडवू नका. वर्तमानपत्राचा कागद पाणी शोषतो आणि सावकाश सुकतो, पण तो टिकतो. गुळगुळीत मुखपृष्ठं मात्र एकमेकांना चिकटतात आणि सुकल्यावर सोडवताना चित्र निघून येतं. एका दिवसात सगळं सुकवणं शक्य नसेल, तर ओली चळत पिशवीत घालून फ्रिजरमध्ये ठेवा. बुरशी थांबते आणि नंतर थोडं थोडं बाहेर काढून टीपकागदात सुकवता येतं. पुरानंतर आमच्याकडे आलेल्या गठ्ठ्यांपैकी लगेच गोठवलेले वाचले. तीन दिवस उन्हात पसरलेले हिरवे-काळे होऊन आले.

स्कॅन करायचं तर एकदाच नीट करा. रेघांची चित्रं ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके), टिफ प्रकारच्या फाइलमध्ये. कागद पातळ असल्यानं मागचा मजकूर पुढे उमटतो, त्यासाठी पानामागे काळा कागद घाला. हे सांगितल्यावर लोकांचा विश्वास बसत नाही. पांढरा कागद घातला की मागची शाई जास्त दिसते, काळा घातला की ती मिसळून जाते. वही पूर्ण उघडत नसेल तर स्कॅनरवर दाबू नका, वरून फोटो काढा. पहिली प्रत जशी आहे तशी ठेवा, पिवळेपणासकट. साफसफाई दुसऱ्या प्रतीवर. आणि ही स्कॅन स्वतःच्या वाचनासाठी आणि जपणुकीसाठी ठेवा. पट्टी आजही चालू आहे आणि तिचे हक्क किंग फीचर्सकडे आहेत. अख्ख्या वह्या सगळ्यांसाठी उघड्या करणं बरोबर नाही.

वाचायचं कसं, हा तुमचा प्रश्न मला फार आवडला, कारण तो फार कमी जण विचारतात. एका बैठकीत आठवडाभराच्या पट्ट्या वाचा, जास्त नाही. आमच्या मंडळींत एक जण मोठ्यानं वाचतो, बाकीचे पट्टी फिरवत बघतात. शनिवारच्या पट्टीवर थांबतो. पुढे काय होईल ते प्रत्येकानं सांगायचं, मग सोमवार उघडायचा. गोष्ट आधी वाचलेली असली तरी फॉकनं कुठं वळण घेतलं ते यातून कळतं. तोही वाटेत बदलत होता. पहिल्या गोष्टीत जिमी वेल्स नावाचा श्रीमंत तरुणच वेताळ निघेल असा त्याचा विचार होता. तो त्यानं सोडला आणि १५३६ पासून चालत आलेल्या घराण्याची कल्पना आली. सलग छापलेल्या अंकात हे सांधे दिसत नाहीत. रोजच्या पट्टीत दिसतात.

चर्चा मात्र नुसत्या आठवणींवर थांबू देऊ नका. वेताळाबद्दल अवघड प्रश्न आहेत आणि ते विचारल्याशिवाय आपलं प्रेम पुरं होत नाही. एक गोरा मुखवटाधारी माणूस जंगलातल्या लोकांचा तारणहार होऊन चारशे वर्षं राज्य करतो, ते त्याला अमर मानतात, ही कल्पना आज खटकायला हवी. आमच्या बैठकीत कॉलेजात शिकवणाऱ्या एक ताई आहेत, त्यांनी हा मुद्दा मांडला तेव्हा जुनी मंडळी चिडली. पण त्यानंतर आम्ही पट्ट्या पुन्हा वाचल्या आणि आम्हाला बदल दिसला. सुरुवातीला आशियात कुठंतरी असलेला हा देश हळूहळू आफ्रिकेत सरकला. साठच्या दशकात लामांडा लुआगा हा आफ्रिकी डॉक्टर लोकशाही मार्गानं अध्यक्ष झाला आणि वेताळ त्याचा मित्र झाला. जग बदलत होतं आणि फॉक त्याच्याबरोबर बदलत होता. पूर्ण बदलला असं मी म्हणणार नाही. तुमच्या वहीत कुठल्या सालाच्या पट्ट्या आहेत त्यावर तुम्हाला यातला कुठला टप्पा वाचायला मिळणार ते ठरेल.

आता विक्री. अंक विकायचेच असतील तर आधी यादी करा. पहिले ४४३ अंक सरळ क्रमांकानं आहेत, त्यानंतर खंड २०, अंक १ अशी नवी मांडणी सुरू होते. मालिका मार्च १९६४ ला सुरू झाली आणि १९९० मध्ये बंद पडली. १२३ आणि १२४ हे क्रमांक निघालेच नाहीत, ते तुमच्याकडे नाहीत म्हणून कुणी भाव पाडत असेल तर ऐकू नका. सुरुवातीच्या ३२ अंकांत वेताळच होता, ते असतील तर आधी तज्ज्ञाला दाखवा. मधलं पान, मागचं मुखपृष्ठ, लहानपणी भरलेली कोडी, सगळं तपासा. गोविंद ब्राह्मणियांनी ‘बी. गोविंद’ या सहीनं रंगवलेली मुखपृष्ठं लोक खास मागतात. त्यांच्या रंगीत छायाप्रतीही विकल्या जातात, म्हणून तुम्ही स्वतः घेताना भिंग लावा. जुन्या छपाईत ठिपके ठरावीक जाळीत बसलेले असतात, घरगुती प्रिंटरचे शिंतोडे विखुरलेले. मराठी अंक माझ्या पाहण्यात इंग्रजीपेक्षा कमी येतात, त्यामुळे पहिल्याच माणसाच्या पहिल्या भावाला होकार देऊ नका.

वह्या वेगळ्या करून, कात्रणं सुटी करून विकू नका. सांभाळणं शक्यच नसेल तर तिन्ही एकत्र, यादीसह, एखाद्या ग्रंथालयाला द्या. कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे, शिवाजी विद्यापीठाचं ग्रंथालय आहे. आधी जाऊन विचारा की कात्रणवह्या स्वीकारतात का, कुठं ठेवतील आणि वाचकाला बघायला मिळतील का. तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय वही हातातून सोडू नका.

देण्याआधी किंवा ठेवण्याआधी एक काम मात्र तुम्हीच करा, कारण वडिलांचं अक्षर तुम्हाला ओळखता येतं. प्रत्येक वहीतल्या गाळलेल्या तारखांची यादी काढा. कुठला आठवडा नाही, कुठली सोमवारची पट्टी नाही. अमेरिकेत हर्मिस प्रेसनं दैनिक पट्ट्यांचे क्रमवार खंड काढलेत, ऑस्ट्रेलियात फ्रू कंपनी १९४८ पासून वेताळ छापतेय. त्यांच्याशी ताडून काही जागा भरता येतील. बाकीच्या आमच्या वह्यांत बघू. यादी घेऊन एखाद्या रविवारी सकाळी बैठकीला या, पहिली वही बरोबर आणा आणि ती सुती कापडात गुंडाळून, आडवी धरून आणा.